मौन म्हणून नोंदलेली तहान

विघ्नहर्त्या श्रीगणेशाला, आमच्या डहाणूच्या गडावरील आई महालक्ष्मीला आणि अमृतकलश हाती धरणाऱ्या भगवान धन्वंतरीला वंदन करून हे लेखन आरंभितो. माझी थोरली बहीण, जिला आम्ही सारे आक्का म्हणतो, भाद्रपदात मृत्यूच्या उंबरठ्यावरून परत आली. आज ती स्वतःच्या हाताने पेला उचलून पाणी प्यायली. तेच या लेखनाचे निमित्त. ज्यांच्या घरचे कोणी वृद्ध परक्यांच्या स्वाधीन आहे, त्यांनी हे सावकाश वाचावे.

"हे मौन नाही, गुरुजी. याला डिलिरियम म्हणतात."

रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉ. प्रणिता यांचे हे वाक्य मी सेवासदनाच्या खोलीत उभा राहून ऐकले. माझ्या हातात मऊ भाताचा डबा होता.

डिलिरियम म्हणजे शरीरातील बिघाडामुळे बुद्धीला येणारी भ्रांती. तिची दोन रूपे असतात, असे पुढे मला समजावून सांगण्यात आले. एका रूपात रुग्ण ओरडतो, नळ्या ओढतो, आणि घरचे घाबरून धावतात. दुसऱ्या रूपात तो निमूट पडून राहतो, आणि घरच्यांना वाटते की शांत झाला. दुसरे रूप अधिक घातक, कारण त्यासाठी कोणी धावत नाही.

मीही धावलो नव्हतो. पाच एकादशा मी हात जोडून परत गेलो होतो.

आक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. पतिनिधनानंतर ती माझ्याकडेच राहिली. तिला मूलबाळ नाही. मी डहाणूच्या शाळेत चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. मला पहिली संध्या मात्र तिने शिकवली, वडिलांनी नव्हे. गतवर्षी ती न्हाणीघरात घसरली आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, पण पायाने जोर धरला नाही. माझी पत्नी हयात नाही, मुलगी बडोद्याला. आक्काला उचलून बसवण्याचे बळ माझ्या दंडांत उरले नव्हते. तेव्हा कोणीतरी तलासरीच्या पुढे, अच्छाडकडे जाताना महामार्गापासून आत असलेले हे सेवासदन सुचवले. त्याचे नाव येथे लिहीत नाही. चौकशी चालू आहे, असे सांगतात.

व्यवस्थापकाला सारे नितीनभाई म्हणत. अर्धे गुजराती, अर्धे मराठी, आणि सारे गोड असे त्यांचे बोलणे.

"आवो गुरुजी, बेसो. आजी तो एकदम शांत. काही त्रास नाही."

मी दर एकादशीला जात असे. डहाणूहून एसटीने तलासरी, पुढे रिक्षा. पुण्यदिवशी वडीलधाऱ्या बहिणीचे दर्शन घ्यावे, हा माझा नियम. त्या नियमात काय लपले होते, ते आता दिसते. मी कोणत्या दिवशी येणार, हे त्यांना पंचांगावरून कळत होते. शिवाय एकादशीला उपवास. म्हणून आक्काच्या पुढे ताट दिसले नाही, तर मला त्यात काही वावगे वाटत नसे. इतक्या फेऱ्यांत मी तिला एकदाही जेवताना पाहिले नाही.

आषाढातल्या शयनी एकादशीला गेलो, तेव्हा ती डोळे मिटून पडली होती. हाक मारली, तर पापण्या हलल्या; शब्द आला नाही.

"हल्ली आजी बोलत नाहीत," नितीनभाई म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा संकोच वाटला. आज वाटते, ती भीती होती.

आणि मी हसून म्हणालो, "चातुर्मास लागला ना आज! तिने मौन धरले असेल. लहानपणापासून धरते."

खरोखरच धरीत असे. चातुर्मासात ती मौनाने जेवायची, एखादा पदार्थ वर्ज्य करायची, चटईवर निजायची. नितीनभाईंचा चेहरा क्षणात उजळला. "हा हा, मौनव्रत! बरोबर, गुरुजी. आम्हाला तुमच्यासारखं कळत नाही."

तो शब्द त्यांना मी दिला.

त्यानंतर प्रत्येक वेळी तोच शब्द मला परत मिळत गेला. आजींचे मौन चालू आहे. आजींनी आहार कमी केला आहे. आजी व्रतस्थ आहेत. आक्काच्या कपाळी गंध असे. अंगावर निळ्या काठांची पांढरी साडी असे, इस्त्रीची घडी न मोडलेली. खोलीत कापराचा दाट वास असे. पायथ्याच्या फळीवर पाण्याचा तांब्या काठोकाठ भरलेला असे. मी हे सारे पाहिले आणि सारे मंगल म्हणून वाचले. दिवसभर अंथरुणात असलेल्या बाईच्या साडीची घडी मोडत कशी नाही, आणि पाण्याचा तांब्या कधी उणा कसा होत नाही, हे प्रश्न मला पडले नाहीत. मी तिच्या पायांवर डोके ठेवून परत येत असे.

एकच गोष्ट खटकली होती. आक्काच्या पंचपात्रीतील पळी श्रावणात दिसेनाशी झाली. आईच्या हातची, दांड्यावर नागाची फणा असलेली पितळी पळी. नितीनभाईंनी आवाज खाली केला. "ती सोमी आहे ना, झाडू-पोछावाली. पाड्यावरची. लोकांचं काय सांगावं?" मी त्यावर विश्वास ठेवला. दारात झाडू घेऊन उभ्या असलेल्या त्या सडपातळ वारली बाईकडे मी कठोर नजरेने पाहिले आणि म्हणालो, "लक्ष ठेवा हिच्यावर."

भाद्रपद शुद्ध एकादशीला परिवर्तिनी म्हणतात. शेषशय्येवर निजलेले भगवान त्या दिवशी कूस बदलतात, अशी आपली श्रद्धा. त्या दिवशीही मी आक्काच्या पायांवर डोके ठेवले. परतताना एसटीत बसलो, तेव्हा बोटांना एक वास येत असल्याचे जाणवले. तो कापराचा नव्हता. बोटाच्या टोकाला गंधही लागले होते. तिच्या कपाळाला हात लावताना ते ओले असले पाहिजे. म्हणजे मी पोहोचण्याच्या काही क्षण आधी ते लावलेले होते.

दुसऱ्या दिवशी द्वादशीला सकाळी संध्येला बसलो आणि आचमनासाठी पळी उचलली. हात तिथेच थांबला. आचमन केल्याशिवाय आक्का चहाही घेत नसे. व्रतात असती, तर पळीवाचून एक दिवस राहिली नसती. पळी गेल्यालाही महिना झाला होता. तिने ती एकदाही खुणेने मागू नये? मौनात हात हलवण्याला बंदी नसते.

मनात शंका शिरली की ती पूर्वीच्या प्रत्येक दिवसावर मागे जाऊन बसते. मी मऊ भात आणि मुगाचे वरण डब्यात भरले. पारण्याच्या निमित्ताने, न कळवता निघालो.

सेवासदनाच्या आवारात सरकारी रुग्णवाहिका उभी होती.

माझा पहिला संशय तिच्यावरच गेला, हे कबूल करतो. सीमेजवळच्या भागात रुग्ण उचलून वापीकडच्या मोठ्या रुग्णालयात कसे पोहोचवले जातात, याच्या गोष्टी सर्वांनी ऐकलेल्या असतात. "कोणी बोलावले यांना?" नितीनभाई ओरडत होते. "गुरुजी, तुम्हीच सांगा यांना, आजींचं व्रत आहे म्हणून!"

मी आत गेलो. आज खोलीत कापूर जळत नव्हता; कालच्या कापराने काळवंडलेली ताटली तेवढी कोपऱ्यात होती. वास होता. साडी नव्हती, एक मळका गाऊन होता. डॉ. प्रणिता जमिनीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी आक्काच्या गळ्याखालची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली, भिजवून वाळवलेल्या कापडाच्या चुणीसारखी.

"डिहायड्रेशन," त्या म्हणाल्या. "अंगात पाणीच नाही. जीभ बघा."

मग त्यांनी सहकाऱ्याच्या मदतीने आक्काला एका अंगावर वळवले. कमरेखाली, माकडहाडाच्या जागी जे दिसले, त्याचे वर्णन करणार नाही. त्याला बेडसोअर म्हणतात. एकाच अंगावर पडून राहिल्याने रक्त थांबते, कातडी मरते, आणि जखम आत आत उतरत जाते. ती टाळायला औषध लागत नाही. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलावी लागते.

आदल्याच दिवशी परिवर्तिनी होती.

"हे आज-कालचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रजिस्टर कुठे आहे?"

नोंदवहीत रोजच्या तारखेपुढे तेच तीन शब्द होते. मौनव्रत. उपवास. समाधानकारक. डॉक्टरांनी पाने उलटली. "एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलंय. मौनव्रत कोणी सांगितलं?"

"यांनीच," नितीनभाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "गुरुजी स्वतः बोलले. विचारा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय होता, आणि तो रास्त होता. त्यांनी प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढला. मी उत्तर दिले नाही. माझेच मौन तेवढे त्या खोलीत खरे होते.

"कुठे नेणार?" मी एवढेच विचारले. "वापीला?"

"जवळच्या सरकारी दवाखान्यात. तुम्ही सोबत बसा. विश्वास नसेल, तर पूर्ण रस्ता बघत या."

तेवढ्यात रुग्णवाहिकेचा चालक, ज्याला ही मंडळी पायलट म्हणतात, स्ट्रेचर घेऊन आत आला. पन्नाशीचा, दर्यावर्दी बांध्याचा माणूस. माझ्याकडे पाहून तो थबकला.

"गुरुजी! वलखलंत का? मी वरोरचा तांडेल. मागच्या बाकावरचा. 'रामः रामौ'च्या पुढं आजून काय येत नाय मला. छडी मात्र आठवते, निरगुडीची व्हती."

"पुढे रामाः," मी सवयीने म्हणालो.

"ते र्‍हाऊ द्या आता. आजीचं डोकं धरा, मी पाय धरतो. रस्ता मला पाठ हाय."

माझा संशय तिथे संपला नाही, परंतु त्याने दिशा बदलली. निघण्यापूर्वी डॉक्टरांनी शेजारच्या खोल्यांचे दरवाजे उघडून पाहिले आणि फोनवर दुसरी गाडी मागवली. एका वृद्ध गृहस्थांना त्या गाडीतून हलवण्यात आले. वाटेत मी विचारले, तुम्हाला हे सारे इतके लवकर कसे उमगले?

"खोलीत एवढा कापूर जळालेला दिसला की मी आधी चादर उचलते," त्या म्हणाल्या. "असे पेशंट आम्हाला पहिल्यांदा मिळत नाहीत, गुरुजी. फोन बहुतेक वेळा उशिरा येतो. आज थोडा लवकर आला."

"फोन कोणी केला?"

"बाईचा आवाज होता. नाव सांगितलं नाही."

रुग्णालयात रक्त तपासले. सोडियम फार वाढले होते. सोडियम म्हणजे रक्तातले मीठ. शरीरातले पाणी आटले की ते दाटते आणि मेंदू झाकोळतो. जखमेतला जंतुदोष रक्तात उतरू लागला होता; त्याला सेप्सिस म्हणतात. रक्तात झोपेच्या औषधाचा अंश असावा, अशीही डॉक्टरांना शंका होती. ती गोळी कोणी लिहून दिली होती, याचा कागद कोणाकडेच नव्हता.

मला वाटले, आता भराभर पाणी देतील. वॉर्डातील डॉक्टर म्हणाले, "घाई केली, तर मेंदूला सूज येते. जितकं हळू सुकलं, तितकंच हळू भिजवायचं. वाचतील का, ते तीन दिवसांनी सांगेन."

त्या दुपारी डॉ. प्रणिता अहवाल पूर्ण करायला व्हरांड्यात बसल्या. एमएलसी करायची होती, म्हणजे पोलिसांना कळवायची वैद्यकीय नोंद. त्यांनी पेन थांबवले. "गुरुजी, मराठीत काय लिहू? दुर्लक्ष?"

"दुर्लक्ष नको," मी म्हणालो. "दुर्लक्ष म्हणजे लक्ष नसणे. उपेक्षा लिहा. त्यात पाहणे आहे. दिसत असूनही सोडून देणे, ती उपेक्षा."

त्यांनी तो शब्द लिहिला आणि मान वर केली. "मग त्यात—"

"होय," मी म्हणालो. "त्यात मीही येतो. तसे लिहायचे असेल, तर लिहा."

त्यांनी लिहिले नाही. मात्र माझा जबाब घेताना पोलिसांना मी ते सांगितले. पहिला शब्द माझा होता. दुसराही माझाच असावा, एवढीच इच्छा होती.

पहिला दिवस सलाईनचे थेंब पाहण्यात गेला. परिचारिकेने मला कूस बदलायला शिकवले. उशी पाठीशी कशी लावायची, गुडघ्यांमध्ये चादरीची घडी कशी ठेवायची. दर दोन तासांनी मी उठत असे. बळ नाही, असे ज्या दंडांविषयी मी समजत होतो, ते आक्काचे उरलेले वजन सहज पेलत होते. ते किती उरले होते, हे त्यावरून समजावे.

दुसऱ्या दिवशी नितीनभाई शहाळी घेऊन आले. नोंदवही पावसात भिजून खराब झाली, असे त्यांनी न विचारता सांगितले. वही कपाटात असते. कपाटात पाऊस कसा आला, हे मी विचारले नाही. शहाळी परत पाठवली.

तिसऱ्या दिवशी सोमी आली.

ती वॉर्डाच्या दाराशीच उभी होती, पदराखाली काहीतरी धरून. पूर्वीच्या सवयीने माझी नजर त्या पदराकडे गेली, आणि तिने ती पाहिली.

"चोरलेली नाय, बाबा," ती म्हणाली आणि फडक्यात गुंडाळलेली पळी पुढे केली.

दांड्यावरची नागाची फणा मी ओळखली.

"पेल्यान् दिलं का सांडायचं. चादर वली व्हायची, मग भाई वरडायचे. पानीच कमी द्या, बोलायचे, म्हंजे अंथरूण वलं नाय व्हनार. मंग मी ही पळी घेतली. जाता-येता दोन-चार पळ्या जिभंवर सोडायची. पळीन् दिलं का एक थेंब नाय सांडत."

"मला का नाही सांगितलेस?"

"तुमी माज्याशी बोलायचे काय?" तिने साधेपणाने विचारले. "आनि म्हटलं, भाऊ हाय, शिकलेला हाय, याला दिसंल. एकादशीला तुमी आलात. वाटलं, आज उचलून नेतील. तुमी आजीच्या पाया पडून गेलात. मंग दुसऱ्या दिवशी मीच फोन केला."

नितीनभाईंनी तिला कामावरून काढले होते. मी तिला बसायला सांगितले, ती बसली नाही. आक्काच्या उशाशी गेली, पळीत पाणी घेतले आणि परिचारिकेकडे पाहिले. परिचारिकेने आक्काचे डोके उंच करून होकार दिला. पळी ओठांना लागताच आक्काचा उजवा हात हलला. तळवा वर झाला आणि बोटे आत वळली, आचमनासाठी वळतात तशी.

सोमी हसली. "बगा, वलखते मला."

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितले, वाचतील.

आक्का बोलली ती सहाव्या दिवशी. आवाज कोरड्या पानासारखा. मी पाणी देत होतो.

"आणखी," ती म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिले. "बाबू, आज एकादशी आहे का?"

"नाही, आक्का."

"मग तू कसा आलास?"

मी तिला सांगितले की ती चातुर्मासाच्या मौनात आहे, असे मला वाटले होते. तिच्या कपाळावर आठी पडली. शिकवताना मी संधी चुकवला की पडायची, तीच.

"मौन? मी हाका मारत होते रे तुला. तू आलास, की आतून मारायचे. जीभ टाळूला चिकटलेली असायची. तू नमस्कार करायचास आणि जायचास."

मौन हा शब्द मुनीपासून आला आहे. मुनीचा भाव ते मौन, असे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून घोकून घेतले. ज्याला बोलता येते आणि जो बोलत नाही, त्याचे ते. ज्याची जीभच सुकली आहे, त्याच्या निःशब्दतेला ते नाव देणे, हा माझ्या विद्येचा अपराध होय. शिक्षण नसते, तर मी कदाचित "आक्का बोलत का नाही?" एवढेच विचारले असते आणि उत्तर मिळेपर्यंत तेथून हाललो नसतो.

आता ती घरी आहे. जखम भरत आली आहे. चालणे मात्र होणार नाही. सोमी रोज सकाळी येते. माझ्या घरात ती मला "बाबा, तुमी बाजूला व्हा" असे सांगते आणि मी होतो. दोघी अखंड बोलतात. आक्का तिला आचमनाची नावे शिकवते, सोमी तिला पाड्यावरच्या बातम्या सांगते, आणि माझ्या वरणात मीठ कमी असल्याबद्दल दोघींचे एकमत असते. मला इतका गोंगाट पूर्वी सहन झाला नसता. आता घरात क्षणभर शांतता झाली, की मी वाचन सोडून उठतो आणि डोकावून येतो.

हा शंकेखोरपणा माझ्या मनातून जाणार नाही, आणि तो जावा अशी प्रार्थनाही मी करीत नाही. वाचकहो, आपले माणूस जिथे असेल, तिथे न ठरलेल्या दिवशी जा. जेवणाच्या वेळी जा आणि आपल्या हाताने घास द्या. नमस्कार करा, पण त्याआधी चादर उचला. साडीची घडी पाहा, तांब्यातले पाणी पाहा. जो केर काढतो त्याच्याशी बोला. त्याला व्यवस्थापकापेक्षा अधिक माहीत असते. आणि वृद्ध माणूस गप्प झाले, तर त्या गप्पपणाला आपण होऊन कोणतेही सुंदर नाव देऊ नका.

ज्या डॉक्टर मुलीने जमिनीवर गुडघे टेकले, ज्या तांडेलाने आक्काचे पाय धरले आणि जिने पळीपळीने तिचा प्राण राखला, त्या तिघांना आई महालक्ष्मी दीर्घायुष्य देवो. हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांच्या घरी वृद्धांच्या हाताशी पाणी असो, त्यांची कूस बदलायला दोन हात असोत, त्यांची हाक ओठांपर्यंत पोहोचो, आणि ती ऐकायला, एकादशी नसली तरी, तुम्ही घरात असा. शुभं भवतु.